वाचकांचे प्रश्न : वजन उतरलं, पोट तसंच

प्रश्न : वय ३२, वजन ७८ किलो, शाकाहारी. दोन महिने रोज तासभर धावतो, रात्री फक्त फळं खातो. चार किलो उतरले; पण पोट तसंच आणि दंड बारीक झाले. काय चुकतंय?

उत्तर : चरबीसोबत तुमचे स्नायूही गेले. उपासमार आणि धावणं एवढंच असलं, तर स्नायू टिकवायला शरीराला कारणच उरत नाही. ते कारण म्हणजे वजनाचे व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट (वजनासह बैठका), बेंच प्रेस (बाकावर आडवं होऊन वजन वर ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) करा. प्रत्येकी ३ सेट, म्हणजे फेऱ्या; एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेट संपताना आणखी दोनच वेळा जमेल, इतका भार हवा. तिन्ही सेटमध्ये १२ जमले की अडीच किलो वाढवा. धावणं निम्म्यावर आणा.

रोजच्या गरजेपेक्षा फक्त ३००-४०० कॅलरी कमी खा. प्रथिनं मात्र रोज वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला साधारण १२५ ग्रॅम. खरी अडचण इथेच आहे. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात, साबुदाण्यात जवळपास शून्य. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या (सोया चंक्स) २६ ग्रॅम देतात, १०० ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर गाईचं दूध १६. उरलेलं घट्ट डाळ, मोड आलेली मटकी, भाकरी आणि व्हे पावडरच्या (दुधापासून केलेली प्रथिनांची पूड) डब्यातल्या मापाच्या एका चमच्यातून भरा. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजनकाटा महिनाभर कदाचित हलणारही नाही, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. दर रविवारी सकाळी बेंबीपाशी टेप लावून कंबर मोजा.