ब्रँचमध्ये नवी आहेस ना? मग हे ऐक

मेंबरशिप नंबर मिळाला, मनापासून अभिनंदन! आयसीएआय, म्हणजे आपली चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था, १९४९ पासूनची, देशभर पसरलेली. दिल्लीची कौन्सिल, मुंबईची वेस्टर्न रीजन, हे सगळं सुरुवातीला डोक्यावरून जातं. जाऊ दे. आधी बडोदा ब्रँचमध्ये रुळ.

मोठ्या सेमिनारपेक्षा स्टडी सर्कल बरं. माणसं मोजकी, चहाला निवांत बोलणं होतं. सीपीईचे, म्हणजे सदस्यांना सक्तीच्या शिक्षणाचे, तास भरले की निघालीस, असं करू नकोस. अडलेला एक प्रश्न कागदावर लिहून ने: जीएसटीची नोटीस कोणत्या कलमाखाली, मुदत कधीची, उत्तर काय दिलंय. असं नेमकं विचारणारी मुलगी ज्येष्ठांच्या लक्षात राहते. क्लायंटचं नाव मात्र चुकूनही घेऊ नकोस. गोपनीयता आपल्या कायद्यातच आहे.

तू नागपूरची. चर्चा गुजरातीत रंगली की गप्प बसशील. ‘आ समजायुं नहीं’ एवढं म्हण, लोक लगेच हिंदीत समजावतात.

संस्थेच्या निवडणुकीच्या गटात पहिल्या वर्षी पडू नकोस, हे माझं ठाम मत. त्यापेक्षा ब्रँचच्या कार्यक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसायचं काम मागून घे. येणारा प्रत्येक जण तुझ्याशी दोन शब्द बोलूनच आत जाईल. आणि सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटच्या धावपळीत कुणाला गाठू नकोस. दिवाळीनंतर थेट ऑफिसात जाऊन भेट.