गिअर उशिरा पडतो, गाडी आचका देते: क्लच गेला की ॲक्च्युएटर?

प्रश्न : माझी पाच गिअरची छोटी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाडी आहे. सहा वर्षांत ५८,००० किलोमीटर झाले. गेले दोन-तीन महिने पहिल्यातून दुसऱ्या गिअरला जाताना ती जोरात आचका देते. सकाळी ठीक चालते, अर्धा तास गर्दीत काढला की त्रास सुरू होतो. पुढच्या गाडीला ओलांडायला पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम पळते. कधीकधी थांबून निघताना ‘डी’ टाकला तरी गिअर पडायला वेळ लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून ‘रीसेट’ केलं. आठवडाभर छान चालली, मग पुन्हा तेच. आता क्लच सेट आणि ॲक्च्युएटर दोन्ही बदला म्हणतात. खरंच दोन्ही गेलं असेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ‘आठवडाभर छान चालली’. तिच्याकडे येतोच. पण आधी आचका आणि उशीर या दोन तक्रारी वेगळ्या करू. गॅरेजमध्ये त्या एकाच वाक्यात सांगितल्या जातात आणि म्हणूनच दोन महाग वस्तू एकदम बदलायचा सल्ला मिळतो.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच प्लेट तीच, गिअर जुळवून देणारे सिंक्रोनायझर तेच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायांऐवजी ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम देतो टीसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर. गिअर बदलताना क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवा पडतो, क्लच पुन्हा धरतो. तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही. ओव्हरटेक करताना जाणवणारा तो रिकामा क्षण बराचसा या रचनेचाच आहे, तो कुठलाही भाग बदलून पूर्ण जाणार नाही. ओलांडायच्या आधीच लिव्हर ‘एम’मध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या मोडमध्ये घेऊन एक गिअर खाली उतरवा आणि मगच पाय दाबा. हा त्रास मी दोषांच्या यादीतून काढून टाकतो.

पहिल्या-दुसऱ्यामधला आचका मात्र तपासायला हवा. या दोन गिअरच्या रेशोमध्ये फरक सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे क्लच जरा चुकीच्या जागी धरला की धक्का इथेच आधी कळतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर, गाडी गरम झाल्यावर, ‘एम’ मोडमध्ये पहिल्यात निघा. दुसरा गिअर मागताना ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचला. एवढ्याने आचका गेला, तर यंत्रणा बहुधा ठीक आहे, पायाची सवय बदलायची. पाय उचलूनही आचका तसाच बसला, तर दोष खरा. आणि लिव्हर ‘प्लस’कडे दाबल्यावर डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा बदलायलाच वेळ लागला, तर तो उशीर ॲक्च्युएटरच्या बाजूचा. याच फेरीत चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पाय दाबून पाहा. आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो, असं दिसलं तर प्लेट घसरते आहे.

आता रीसेट. क्लच ज्या ठिकाणी धरू लागतो त्या बिंदूची नोंद टीसीयू ठेवतो. प्लेट झिजते तसा बिंदू सरकतो आणि टीसीयू स्वतःला थोडंथोडं जुळवून घेतो. रीसेट करून पुन्हा ‘लर्निंग’ केलं की ही नोंद नव्याने होते. प्लेट, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग आणि दाब धड असतील तर ती नोंद सहसा महिनोन् महिने टिकते. तुमच्याकडे ती आठवड्यात बिघडली, म्हणजे आत काहीतरी सतत बदलतंय. शिवाय त्रास गरम झाल्यावर वाढतो. गर्दीत गाडी रांगत राहते तेव्हा कोरडा क्लच अर्धवट धरलेल्या अवस्थेत तापतो. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर माझा पहिला संशय क्लचवर, म्हणजे झिजलेली प्लेट किंवा अडकत सरकणारं रिलीज बेअरिंग यांच्यावर जातो. ॲक्च्युएटरबद्दल अजून कुणी पुरावा दिलेला नाही.

पुन्हा रीसेट करू देऊ नका. निदान आधी वाचून घेतल्याशिवाय तरी नाही, कारण रीसेटबरोबर जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि निदानाचा धागाच हातातून सुटतो. मेकॅनिककडे या गोष्टी मागा: सगळे फॉल्ट कोड, जुने साठलेलेसुद्धा; क्लच धरण्याच्या बिंदूचा आत्ताचा आकडा आणि कंपनीने दिलेली मर्यादा; गिअर पडायला लागणारा वेळ; यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तेलाचा दाब. लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर चालू असताना दिसणारे हे आकडे, गाडी थंड असताना एकदा आणि गर्दीतून फिरवून आणल्यावर एकदा पाहायला सांगा, आणि स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. थंड-गरममधला फरक कोऱ्या नजरेलाही दिसतो. हे न दाखवता जो थेट यादी हातात देतो, त्याच्याकडे क्लच उघडायला गाडी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲक्च्युएटरची प्राथमिक परीक्षा तुम्ही घरी करू शकता. अनेक हायड्रॉलिक एएमटी गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊन थांबतो. तो पंप ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या डब्यात, तेलाचा दाब भरत असतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय. लिव्हर ‘एन’मधून ‘डी’, परत ‘एन’, मग ‘आर’ असा सावकाश फिरवा आणि कान द्या. पंप एकदा चालून पुढचे काही बदल गप्प राहिला तर ठीक. प्रत्येक बदलाला लगेच चालू झाला तर ॲक्युम्युलेटर दाब धरत नाही किंवा कुठेतरी गळती आहे. बराच वेळ चालून थांबतच नसेल तर तेल कमी असेल किंवा पंप थकला असेल. ॲक्च्युएटरचं तेल गिअर ऑइलपेक्षा वेगळं असतं. त्याची पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच पाहा, कारण दाब भरलेला असताना आणि उतरलेला असताना ती वेगळी दिसते. नुसती टाकी पाहून तेल ओतलं तर जास्त होतं. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक मोटरचा ॲक्च्युएटर असेल तर हा प्रयोग लागू नाही, तिथे स्कॅनरवरचा वेळच पाहावा लागेल.

‘डी’ उशिरा पडण्यामागे याहून स्वस्त कारणंही असतात. ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय टीसीयू उभ्या गाडीला गिअर देत नाही. कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक हळूहळू दाबा. मागचा ब्रेकचा दिवा उशिरा किंवा मधूनमधून लागला तर पेडलजवळचा स्विच पाहा. मग बॅटरी. पंप आणि मोटर दोघंही भरपूर करंट ओढतात. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. निगेटिव्ह टर्मिनल आणि गिअरबॉक्सची बॉडी यांमध्ये मीटर लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंगची वायर गंजली किंवा सैल झाली आहे. ती साफ करून घट्ट केल्यावर उशीर गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. इंजिनचं माउंटिंग फाटलं असेल, थ्रॉटल बॉडीत काजळी असेल किंवा एखादा प्लग मिसफायर करत असेल, तरी गिअर बदलताना गाडी आचका देते. हे सगळं क्लचच्या आधी पाहून घ्या.

आणि क्लच उघडावाच लागला, तर तो क्षण वाया घालवू नका, समोर उभे राहा. प्लेटच्या अस्तराचा पृष्ठभाग आणि रिव्हेटचं डोकं यांत किती अंतर उरलंय ते पाहा. प्लेट जिला धरते त्या इंजिनाच्या चकतीवर, फ्लायव्हीलवर, निळसर डाग असतील तर ती खूप तापली आहे. रिलीज बेअरिंग हाताने फिरवा, खरखर किंवा अडकणं लगेच कळतं. ते ज्या नळीवर सरकतं तिच्यावर खाच पडली आहे का, हेही बोट फिरवून पाहा. नवं बेअरिंग त्याच खाचेत अडकलं तर आठवड्याभरात तुमचं पत्र पुन्हा येईल. प्लेटवर तेलाचा ओलसरपणा दिसला तर क्रँकचं ऑइल सील आधी. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदला, आणि त्यानंतर स्कॅनरवर लर्निंग करून घ्या. इथे ते हवंच. ॲक्च्युएटरला मात्र दाबाच्या किंवा वेळेच्या आकड्यांत दोष दिसल्याशिवाय हात लावू देऊ नका.

प्रश्न : सिग्नलला एएमटी ‘डी’मध्ये ब्रेक दाबून ठेवावी की ‘एन’मध्ये घ्यावी? चढावर काय करावं?

उत्तर : ब्रेक दाबून ‘डी’मध्ये उभी असेल तर क्लच पूर्ण सुटलेला असतो, प्लेट झिजत नाही. पण रिलीज बेअरिंगवर भार राहतो, म्हणून थांबा लांबणार असेल तर ‘एन’ आणि हँडब्रेक. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, प्लेट जळण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे. हँडब्रेक ओढा, गाडी पुढे जोर करू लागली की सोडा.

प्रश्न : गिअरमध्ये उभ्या एएमटीची बॅटरी संपली. ढकलून चालू होईल का?

उत्तर : नाही. क्लच सोडवायलाच वीज लागते, त्यामुळे लिव्हर ‘एन’वर नेला तरी आत गिअर तसाच राहतो आणि गाडी ढकलली जात नाही. दुसऱ्या बॅटरीने जंप स्टार्ट द्या. तेही जमलं नाही तर पुढची चाकं उचलूनच गाडी न्यायला सांगा, गिअरमध्ये ओढत नेऊ देऊ नका.