कपाट इंग्रजी की मुंबईचे?

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माजघरात आजोबांनी मुंबईच्या लिलावात घेतलेले कमरेइतक्या उंचीचे एक कपाट आहे. मधल्या दारावर फुलापानांचे जडावकाम, दोन्ही टोकांना गोलाकार काचेची दारे आणि कडांना सोनेरी धातूची नक्षी आहे. यंदाच्या पावसाळ्यात दर्शनी लाकडाचा पापुद्रा फुगून सुटू लागला. हे कपाट खरोखर इंग्रजी आहे का? पापुद्रा काढून नवे पॉलिश करावे, असे सुतार म्हणतो. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपले वर्णन ज्याला व्यापारी ‘क्रेडेन्झा’ म्हणतात, त्या साधारण १८५० ते १८८० या काळातील इंग्रजी कपाटाशी जुळते. त्याचा डौल फ्रेंच राजदरबारी शैलीवरून घेतलेला असे. १८६८ साली इंग्रज लेखक व रचनाकार चार्ल्स ईस्टलेक यांनी अशा वळणदार आकारांवर आणि चकचकीत पॉलिशवर कडक टीका केली. पण श्रीमंत गिऱ्हाइकाला भपकाच हवा होता.

तरीही दर्शनी बाजूवर विसंबू नये. कपाट भिंतीपासून ओढून त्याची पाठ पाहावी. मुंबईत त्या काळी घडणारे नक्षीदार फर्निचर बहुधा भरीव शिसवीचे आणि खोल कोरीवकामाचे असे, तर इंग्रज कारागीर पाइनसारख्या स्वस्त लाकडाचा सांगाडा करून त्यावर अक्रोडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवीत. पाठीच्या फळ्यांवर कमानीसारखे करवतीचे वळ दिसले, तर त्या यांत्रिक गोल करवतीने कापलेल्या आहेत. टोकदार स्क्रू मात्र १८५० च्या सुमारास रूढ झाले, त्यामुळे मूळचे स्क्रू बोथट टोकाचे निघाल्यास कपाट त्याआधीचे असण्याचा संभव वाढतो.

पापुद्रा सुटण्याचे कारण हा सरसच आहे. तो प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतो आणि आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट हवेत मऊ पडतो. शिवाय खालचे लाकूड फुगते-आकसते तेव्हा पापुद्र्याला ताण बसतो. म्हणून तो मुळीच काढू नये; जडावकाम त्याच पापुद्र्यात बसवलेले असते आणि तो गेला की कपाटाचे सारे मोलच गेले. जाणकाराकडून सुटलेल्या जागी गरम सरस आत सोडून, वर कागद व सपाट फळी ठेवून, दाब देऊन तो पुन्हा बसवून घ्यावा. आधुनिक रासायनिक गोंद वापरू देऊ नये, कारण तो पुढे सोडवता येत नाही. पॉलिश हवेच असेल तर चपड्याचे (लाखेचे), तेही हलकेच. कपाट ओलसर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे आणि पायांखाली वाळवी लागली आहे का, हे दर महिन्याला पाहावे. पाइनला ती सागापेक्षा फार लवकर लागते.