इमॅजिकाला सहकुटुंब कधी जावं? आधी शाळांचं वेळापत्रक बघा, मग हवामान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला एक दिवस जायचंय. बरोबर 5 आणि 10 वर्षांची मुलं आणि साठी ओलांडलेल्या सासूबाई. मे महिन्याच्या सुट्टीत जावं, पावसाळ्यात की दिवाळीत? माझं उत्तर या तिन्हींपैकी एकही नाही. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, मंगळवार ते गुरुवारमधला कुठलाही दिवस. मुलांची एक दिवसाची शाळा बुडेल, पण ती बुडू द्या.

आता हे का, ते सांगतो. बहुतेक जण आधी ऊन-पाऊस बघतात आणि गर्दीचा विचार तिकीट काढल्यावर करतात. खरं तर दिवस वाया जातो तो रांगेत. रांगेचं गणित सोपं आहे. समजा, एका रोलरकोस्टरच्या गाडीत 28 जण बसतात. माणसं उतरवणं, बसवणं, पट्टे तपासणं आणि फेरी मिळून चार मिनिटं धरली, तर एका गाडीवर तासाला 420 माणसं होतात. तुमच्या पुढे 600 जण उभे असतील तर जवळजवळ दीड तास गेला. गर्दीच्या दिवशी त्याच रुळावर दुसरी गाडीही चालवतात, तेव्हा हा वेळ बराच कमी होतो. उलट रिकाम्या दिवशी एकच गाडी चालवतात, म्हणून पार्क ओस दिसत असूनही एखाद्या राइडला अर्धा तास थांबावं लागतं. त्यात चूक काही नाही, तो धरूनच चाला.

गर्दी कुणामुळे होते ते बघू. एप्रिल संपता संपता राज्य मंडळाच्या शाळा सुटतात आणि जूनच्या मध्यापर्यंत बंद राहतात. या काळात सोमवारसुद्धा रविवारसारखाच असतो. दिवाळीची गर्दी लक्ष्मीपूजनानंतर सुरू होते आणि आपल्या शाळा उघडल्या तरी लगेच ओसरत नाही, कारण गुजरातच्या शाळांची दिवाळीची सुट्टी लांब असते आणि लोणावळा-खंडाळ्याकडे येणारी बरीच कुटुंबं याच पट्ट्यात थांबतात. 24 डिसेंबर ते 1 जानेवारी तर विसराच.

पण लोकांच्या सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट म्हणजे शाळांच्या सहली. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत सहली असतात, आणि त्या निघतात आठवड्याच्या मधल्या दिवशी. ‘डिसेंबरातला बुधवार आहे, रिकामं असेल’ म्हणून गेलात, तर पार्किंगमध्ये बसच्या रांगा आणि प्रत्येक राइडला एकाच रंगाच्या टी-शर्टमधली चाळीस-चाळीस मुलं दिसतील. सहलीची मुलं एकगठ्ठा येतात, त्यामुळे रांग अचानक फुगते. असा गट पुढे दिसला तर तिथे थांबू नका. बाजूची राइड करून वीस मिनिटांनी परत या.

फेब्रुवारी उजाडला की हे सगळं एकदम थांबतं. बारावीची बोर्डाची परीक्षा साधारण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दहावीची त्यानंतर. शाळा सहली काढत नाहीत आणि घरात परीक्षार्थी असलेली कुटुंबं घराबाहेर पडत नाहीत. तुमची मुलं सीबीएसईला असतील तर त्यांच्या वार्षिक परीक्षा फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये येतात, म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडाच धरा. राज्य मंडळाची असतील तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जायला हरकत नाही. दोन्हींत 19 फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र टाळा, विशेषतः ती शनिवार-रविवारला चिकटून येत असेल तर. सोमवारी मागच्या सुट्टीची शेपटी असते आणि शुक्रवारी दुपारनंतर शनिवार सुरू होतो, म्हणून मंगळवार ते गुरुवार.

हवामानाचं म्हणाल तर खोपोली घाटाखाली आहे, पुण्याचा थंडावा तिथे नाही. फेब्रुवारीतही दुपारी पारा तिशीच्या वर जातो. सकाळी निघताना मुलांना स्वेटर लागतो आणि बारा वाजता तोच स्वेटर ओझं होतो, म्हणून लॉकर घ्या. पण मे महिन्यातला दमटपणा नसतो, आणि सासूबाईंसाठी तोच मोठा फरक आहे. मेमध्ये उघड्यावरच्या रांगेतल्या लोखंडी कठड्याला हात लावून बघा, पाच वर्षांचं पोर तो धरून उभं राहू शकत नाही.

पावसाळ्याबद्दल मत ठाम आहे. मोठ्यांच्या कंपूने जावं, लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन जाऊ नये. वीज कडाडली की उंच राइड थांबवतात. पाऊस थांबला तरी लगेच माणसं बसवत नाहीत, आधी रिकामी गाडी फिरवून बघतात. रूळ ओले असले की घर्षण कमी होऊन गाडीचा वेग बदलतो, म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. दोन सरींच्या मध्ये राइड चालू झालीच, तरी नायट्रोसारख्या पाय अधांतरी ठेवणाऱ्या रोलरकोस्टरवर त्या वेगात थेंब तोंडावर खड्यांसारखे लागतात. मुलांचे खरे हाल मात्र आतल्या राइडमध्ये होतात. चिंब भिजलेले कपडे, बाहेर उकाडा आणि आत जोरात लावलेला एसी. दहा मिनिटांत मूल कुडकुडायला लागतं. त्यात तुम्हाला पुण्याला परतताना रात्री बोरघाट चढायचाय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. सप्टेंबरात गर्दी नसते हे खरं, पण परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो, म्हणजे नेमक्या तुमच्या चांगल्या तासांवर. अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या थीम पार्कांविषयी ‘सप्टेंबर सगळ्यात रिकामा’ असा सल्ला वाचायला मिळतो. तो तिथल्या शाळांच्या वेळापत्रकावरून आलेला आहे (आणि तिथेही तो वादळांचाच मोसम असतो), तो जसाच्या तसा इथे लावू नका.

फेब्रुवारी जमतच नसेल तर दुसरी पसंती दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, सहलींचा जोर येण्याआधीचा मधला वार. तिसरी, एप्रिलचा पहिला पंधरवडा. तेव्हा राज्य मंडळाच्या मुलांच्या परीक्षा चालू असतात आणि सीबीएसईचं नवं वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. गर्दी कमी, ऊन कडक. जूनचा पहिला पंधरवडा मात्र नकोच: शाळा बंद, हवा कोंदट आणि पाऊस कधीही.

तारीख पक्की करण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, मोठ्या राइडची वार्षिक देखभाल मंदीच्या दिवसांतच काढतात, कारण तेव्हा बंद ठेवणं परवडतं. ज्या राइडसाठी मुलगा हट्ट धरून बसलाय ती त्या दिवशी चालू आहे का, हे फोन करून विचारा. तिकिटाचे दर तारखेप्रमाणे बदलतात, तेही त्याच वेळी कळतील.

दुसरी गोष्ट मुलांची उंची. ही मोसमापेक्षाही महत्त्वाची ठरू शकते. मोठ्या रोलरकोस्टरना बहुधा 130 ते 140 सेंटिमीटरची अट असते आणि दहा वर्षांची बरीच मुलं नेमकी तिथेच असतात. घरी भिंतीला टेकवून, टाचा चिकटवून मोजा. केसांचा फुगा धरू नका, गेटवरचा माणूस धरत नाही. या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. दोन सेंटिमीटर कमी पडत असतील तर सहल चार-पाच महिने पुढे ढकला. रांगेच्या तोंडाशी मुलाला परत पाठवण्यापेक्षा ते बरं. पाच वर्षांच्या मुलीला तो प्रश्न नाही, तिच्या राइड वेगळ्या आहेत. मात्र थोरला मोठ्या राइडवर असताना एक मोठं माणूस तिच्याजवळ लागेल. ते काम सासूबाईंवर टाकू नका, दोघं आलटून पालटून करा.

दिवसाचा क्रम असा ठेवा. गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. आत शिरल्यावर पहिल्या दुकानाशी रेंगाळू नका, थेट ज्या राइडची रांग सगळ्यात लांब होते तिथे जा. पहिल्या तासात दोन मोठ्या राइड उरकतात, एरवी त्यालाच अर्धा दिवस लागतो. जेवण साडेअकराला नाहीतर अडीचला, एक वाजता नाही. बारा ते तीन आतल्या, सावलीतल्या राइड आणि शो. राजासॉरससारख्या भिजवणाऱ्या राइड तीनच्या सुमारास घ्या, म्हणजे सूर्य मावळायच्या आत कपडे अंगावरच सुकतात. फेब्रुवारीत साडेपाचनंतर भिजलेलं मूल घाटातला गारवा खात घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी नाक गळतं. जीन्स घालू नका, सुकत नाही. बुटांऐवजी मागे पट्टा असलेल्या चपला घाला, आणि एक जोड सुके मोजे गाडीत ठेवा.

वॉटरपार्कही करायचा असेल तर एका दिवसात दोन्ही कोंबू नका. फेब्रुवारीत सकाळी पाणी गार असतं, लहान मुलं दहा मिनिटांत बाहेर येतात. त्यासाठी मार्च-एप्रिलचा वेगळा दिवस काढा आणि नायलॉनचे पोहण्याचे कपडे बरोबर न्या, सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत.

पुण्याहून जाताना-येताना घाट दोन्ही वेळा लागतोच, पण मधल्या वारी सकाळी सातला निघालात तर वाटेत चहा घेऊनही गेट उघडायच्या आधी पोहोचाल.