मुलांची पुढच्या वर्षीची फी म्हणजे शिल्लक नव्हे

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि मग झोपच लागली नाही. मुलगा १९ वर्षांचा, बॅरिटोन हे पितळी वाद्य वाजवतो, इथे अमेरिकेतल्या एका छोट्या, ओपन क्लास गटातल्या ड्रम कोरचं कॉन्ट्रॅक्ट हातात आलंय. ड्रम कोर म्हणजे पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवत उन्हाळाभर गावोगाव स्पर्धा करणारं तरुण मुलांचं पथक. डिसेंबरच्या कॅम्पला डिरेक्टरने तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही अकाउंट्समधले आहात, आमचे खजिनदार व्हाल का? तुम्ही हिशेब बघायला मागितलात, तर उत्तर आलं, "काळजी करू नका, बँकेत पैसे आहेत."

हेच वाक्य काही वर्षांपूर्वी एका डिसेंबरात मी स्वतः बोर्डाच्या मीटिंगमध्ये म्हटलं होतं. मी तेव्हा अशाच एका कोरची खजिनदार होते. कोरचं नाव, राज्य सांगणार नाही. तिथली मुलं आता नोकऱ्यांना लागलीत, काहींनी ते दिवस मनापासून जपलेत.

आधीच सांगते, मी सीपीए, म्हणजे इथली सीए, नाही, वकीलही नाही. हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करते. त्यामुळे कायद्याचं जे लिहीन ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. ५०१ सी ३ (करमाफी मिळालेली सेवाभावी संस्था) कशी चालते, तिचं बोर्ड (संचालक मंडळ) कसं असतं, हे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडते.

ड्रम कोरचं पैशाचं वर्ष उलटं चालतं. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत मुलांची फी हप्त्याहप्त्याने जमा होते. मे अखेरपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळा पैसा बाहेर जातो: बस, सामानाचे ट्रक, डिझेल, दिवसाला चार वेळचं जेवण, शाळांचं भाडं, शिकवणाऱ्यांचं मानधन, विमा, गाण्यांच्या परवानग्या. शेवटची मोठी बिलं टूर संपल्यावर येतात. आणि ती बिलं टेबलावर असतानाच पुढच्या मोसमाच्या ऑडिशनची फी खात्यात पडायला लागते. त्या काळात नुसतं बँकेचं स्टेटमेंट पाहिलं तर कोर श्रीमंत दिसतो.

मी तेच केलं. खात्यात ६१ हजार डॉलर होते. मी आकडा वाचून दाखवला, सगळ्यांना हायसं वाटलं. त्यातले ५२ हजार येणाऱ्या उन्हाळ्यासाठी मुलांनी भरलेले होते, म्हणजे ते आमचे नव्हतेच, ते देणं होतं. आणि बस कंपनीचं मागच्या ऑगस्टचं ३८ हजारांचं बिल तसंच पडून होतं. डिरेक्टर म्हणाला, जुनं मिटवून टाकू, नवीन फी तर येतेच आहे. मी चेकवर सही केली. याची टोपी त्याच्या डोक्यावर. एका वर्षीच्या मुलांनी केलेला प्रवास दुसऱ्या वर्षीच्या मुलांच्या पैशाने फिटला, आणि त्या मुलांच्या आईबापांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. मी स्वतः त्या आईबापांतली एक होते आणि मलाही सही करताना ते असं दिसलं नाही.

ते ३८ हजार थकले कसे, तेही सांगते, कारण तुमच्या कोरचं बजेट हातात आलं तर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवायचं. कोरची मुलं रात्री प्रवास करतात. शो संपला, सामान चढवलं, की बस निघते आणि पहाटे पुढच्या गावच्या शाळेत पोचते. प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग ८ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवता येते, हा केंद्राचा नियम आहे. त्यामुळे लांबच्या टप्प्याला दुसरा ड्रायव्हर लागतो, आणि मुलं जिमच्या फरशीवर झोपली तरी ड्रायव्हरला दिवसा हॉटेलची खोली द्यावी लागते. आमच्या डिरेक्टरने बजेट केलं ते नकाशावरचे मैल मोजून. जादा ड्रायव्हर नाहीत, खोल्या नाहीत. बोर्डावर आम्ही पाच जण, कुणी विचारलं नाही. डिरेक्टर १५ वर्षं हेच करतोय, त्याला कळतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढचा जून. जुन्या बिलात गेलेले पैसे आता या उन्हाळ्याच्या बसला कमी पडत होते. त्या आठवड्यात मी फूड ट्रकवर होते. पहाटेचे पावणेपाच. मुलं झोपेतच बसमधून उतरत होती, एका हातात उशी, दुसऱ्या हाताने हवेची गादी फरफटत. जिममधले अर्धेच दिवे लावले होते. माझा हात ओट्सच्या मोठ्या पातेल्यात, आणि पहिल्या बसचा ड्रायव्हर फोन कानाला लावून दारात येऊन उभा राहिला. सभ्य माणूस, पांढऱ्या मिशा, गेले दहा दिवस मुलांना नावाने हाक मारायला लागला होता. म्हणाला, "मॅडम, ऑफिसने सांगितलंय, पैसे आल्याशिवाय इथून गाडी हलवायची नाही." त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. जिमच्या फरशीवर ८६ मुलं झोपलेली, घरापासून हजार मैल दूर.

तीन दिवस आम्ही त्याच शाळेत होतो. मुलांना सांगितलं, जादा तालमी आहेत. मग बोर्डातल्या दोघांनी स्वतःची क्रेडिट कार्डं दिली, एका माजी सदस्याने पैसे पाठवले, आणि सात आठवड्यांची टूर चार आठवड्यांवर आणली. मोसमाच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेला, इंडियानापोलिसला, गेलो नाही. माझी मुलगी मेलोफोन वाजवायची. तिचं ते शेवटचं वर्ष होतं, वयाची मर्यादा २२, पुढच्या वर्षी उभं राहता येणार नव्हतं. लुकास ऑइल स्टेडियममध्ये शेवटचा सूर धरायचा म्हणून तिने दोन वर्षं कॅफेत काम करून फी भरली होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिला न्यायला गेले तेव्हा परतीच्या वाटेवर ती मेलोफोनची केस मांडीवर घेऊन बसली होती, मागे ठेवू दिली नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. येत्या उन्हाळ्याची फी वेगळ्या खात्यात राहिली पाहिजे, आणि मागच्या मोसमाच्या बिलांना त्यातून एक डॉलर जाता कामा नये. लोक म्हणतील, छोट्या कोरला हे परवडत नाही. ज्या कोरला हे परवडत नाही त्याने त्या वर्षी टूर लहान करावी आणि ते नोव्हेंबरात जाहीर करावं, जूनमध्ये नाही. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर अंथरूण आधी मोजावं लागतं.

आता तुम्ही काय बघायचं. कोर ५०१ सी ३ असेल तर त्याचा फॉर्म ९९०, म्हणजे दर वर्षी कर खात्याला द्यायचा हिशेब, कुणालाही बघता येतो, आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) संकेतस्थळावर शोधा. पहिल्या पानावर उत्पन्न आणि खर्च दिसतो, सगळे तेवढंच वाचतात. तुम्ही थेट भाग १० मधल्या ताळेबंदावर जा. ओळ १ आणि २ मध्ये रोख आणि ठेवी, ओळ १७ मध्ये द्यायची बिलं, ओळ १९ मध्ये आगाऊ घेतलेले पैसे. हिशेबाचं वर्ष डिसेंबरला संपत असेल आणि कोर तोपर्यंत फीचे हप्ते घेत असेल, तर १९ व्या ओळीत आकडा असायलाच हवा. ती ओळ कोरी दिसली तर मुलांची फी उत्पन्नात धरली जात असण्याची दाट शक्यता आहे. ओळ १७ दर वर्षी फुगत असेल तर बस कंपनीच कोर चालवतेय असं समजा. फॉर्म ९९०-ईझेड (छोट्या संस्थांचा आटोपशीर फॉर्म) असेल तर सगळी देणी ओळ २६ मध्ये एकत्र असतात, मग तपशील मागावाच लागेल. आणि लागोपाठ तीन वर्षं फॉर्म भरलेलाच नसेल तर करमाफी आपोआप रद्द होते, त्यासाठी कुणी दार ठोठवायला येत नाही.

मोठा कोर असता तर बरं झालं असतं, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मला तसं वाटत नाही. २०१० मध्ये सात बड्या कोरांनी डीसीआयकडे (या स्पर्धा भरवणारी संघटना, ड्रम कोर इंटरनॅशनल) पैशात आणि कारभारात जास्त वाटा मागितला होता, त्यावरून मोठं भांडण झालं. त्या सातांपैकी सांता क्लारा व्हॅनगार्ड २०१८ चं विजेतेपद मिळवूनही २०२३ च्या मोसमात पैशांच्या अडचणीमुळे उतरला नाही, २०२४ ला परत आला. आणि कॅडेट्स, १९३४ पासूनचा, दहा विजेतेपदं, त्यांनी २०२४ च्या जानेवारीत कोर्टाच्या खटल्याचा खर्च पेलवत नाही म्हणून काम थांबवलं. ही बातमी वाचली तेव्हा मी किती तरी वेळ गाडीतच बसून होते. पूर्वी अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या शाखा अशा कोरांच्या पाठीशी असायच्या, पुढे काहींना बिंगोच्या खेळांच्या कमाईने तगवलं. आता बहुतेक छोट्या कोरांचा खरा आधार फी आणि आईबाप हाच आहे.

पुण्यात माझा भाऊ ढोल-ताशा पथकात होता. तिथेही ढोलाची पानं आधी फाटतात आणि सुपारीचे पैसे मिरवणूक झाल्यावर येतात, खिशातून घालावे लागतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण रात्री सगळे आपापल्या घरी झोपतात. इथे मुलं दुसऱ्या राज्यात असतात, आणि त्यांना घरी आणायचं भाडंसुद्धा त्याच खात्यातून जायचं असतं. हा फरक मला फार उशिरा उमगला.

बोर्डाबद्दल. तुम्ही लिहिलंय की अध्यक्ष डिरेक्टरची बायको आहे आणि बाकीचे त्याचे जुने विद्यार्थी. माणसं चांगलीच असतील, आमचीही होती. पण डिरेक्टरचं मानधन ठरवायचं, त्याचं बजेट नाकारायचं, वेळ आली तर त्याला घरी पाठवायचं, हे बोर्डाचं काम आहे. ज्याने त्यांना सोळाव्या वर्षी ड्रम धरायला शिकवला त्याला "नाही" कोण म्हणणार? निदान दोन माणसं तरी अशी हवीत ज्यांचं कोरशी काही नातं नाही.

अजून एक, हे पुष्कळांना पटत नाही. आमच्याकडे पालकांनी चॉकलेटं विकून जो नफा मिळवला तो ज्याच्या त्याच्या मुलाच्या फीत वळता व्हायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण २०१३ साली टॅक्स कोर्टाने नेमक्या अशाच पद्धतीवरून कॅपिटल जिम्नॅस्टिक्स नावाच्या बूस्टर क्लबची (मुलांसाठी निधी जमवणारा पालकांचा गट) करमाफी काढून घेणं योग्य ठरवलं. जमवलेला पैसा सगळ्या मुलांसाठी एकत्र वापरायचा. तुमच्या कोरमध्ये मुलाच्या नावाचं खातं असेल तर ते आधी बंद करायला सांगा. आणि पगारी माणसं असतील तर त्यांच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे भरला जातोय का ते बघाच. तो भरला नाही तर चेकवर सही करणाऱ्याच्या घरापर्यंत वसुली येऊ शकते, मग तो बिनपगारी असो वा नसो. बिनपगारी मंडळींना काही सूट आहे, पण रोजचे व्यवहार सांभाळणाऱ्या खजिनदाराला ती सहज मिळत नाही.

तक्रार कुठे करायची, असंही तुम्ही विचारलंय. आम्ही राज्याच्या एका कार्यालयाकडे गेलो होतो. पहिल्या फोनला सांगितलं, लेखी द्या. लेखी दिलं, तर म्हणाले, हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे. दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, तिथून परत पहिल्याकडे. सात आठवड्यांनी छापील पत्र आलं, त्यात कोरचं नावही चुकीचं. तोवर ऑगस्ट संपला होता. ८६ मुलांचे पैसे आणि एक अख्खा उन्हाळा गेला आणि त्या माणसांना एक फाइल उघडून बघावीशी वाटली नाही, याचा राग मला आजही येतो. सगळीच कार्यालयं अशी नसतील. पण तिकडून कुणी वेळेवर येईल या भरवशावर राहू नका.

तर, हो म्हणायचं का? माझ्या मते, आत्ता नाही. आधी तीन वर्षांचे ९९०, आजच्या तारखेची न फेडलेल्या बिलांची यादी आणि बँक खातं नुसतं बघण्याचा लॉगिन मागा. हे तिन्ही आठवड्यात मिळालं तर जरूर व्हा, अशा कोरला तुमच्यासारख्या माणसाची फार गरज असते. टाळाटाळ झाली तर मुलाचा पुढचा हप्ता भरण्याआधी परतफेडीचं कलम वाचा. काहींना हे टोकाचं वाटेल, पण मी माझ्या अनुभवावरून सांगतेय.

मुलाला मात्र जाऊ द्या, सगळं धड असेल तर. त्याला बुटांचे दोन जोड द्या, एक भिजला तर दुसरा हवा. गॅलनची पाण्याची बाटली, कानातले प्लग, आणि गादी जाड घ्या, स्वस्तातली तिसऱ्या रात्री बसते.

९९० सापडला तर ओळ १७ आणि १९ चे तिन्ही वर्षांचे आकडे इथे लिहा, कोरचं नाव नको. शनिवारी मला सुट्टी आहे, मी बसून बघते.