महिन्याचा पास

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

बाळा, अनेक आशीर्वाद.

नोकरी गेल्याची तुझी मेल सकाळी वाचली. रात्री सव्वादोनला पाठवली आहेस, म्हणजे झोपही गेलेली दिसते. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो काकू, हो काकू" म्हणत राहशील आणि ठेवून देशील. म्हणून लिहिते आहे.

आधी तारखांचं बोलू, कारण त्या थांबत नाहीत. ३१ ऑक्टोबर हा तुझा कामाचा शेवटचा दिवस. एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीच्या आधारानं मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावर, असलेल्या माणसाला तिथून पुढे इथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणजे ३० डिसेंबर. तुझा आय-९४, म्हणजे इथल्या मुक्कामाच्या मुदतीचा कागद, त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. तू लिहितोस की सेव्हरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनी देते ते पैसे, जानेवारीपर्यंत येणार, म्हणून मुदतही जानेवारीपर्यंत. तसं नाही. सेव्हरन्स म्हणजे पगार नव्हे. ६० पैकी २३ दिवस गेलेत. उरलेल्या ३७ दिवसांत नव्या कंपनीनं तुझा अर्ज दाखल करायला हवा. मंजुरी मागाहून आली तरी चालते. तेही जमत नसेल, तर तुम्हा दोघांचे बी-टूचे, म्हणजे पर्यटक व्हिसाचे, अर्ज त्याच मुदतीत जायला हवेत. नव्या एच-वन-बी अर्जांवर सप्टेंबरात जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या शुल्काची तू धास्ती घेतली आहेस. इथेच राहून कंपनी बदलणाऱ्याला ते लागू नाही, असं इमिग्रेशन खात्यानं ऑक्टोबरात स्पष्ट केलंय. देशाबाहेर पडलास तर मात्र गणित बदलू शकतं, तेव्हा "महिनाभर कोल्हापूरला जाऊन डोकं शांत करून येतो" हा विचार आत्ता मनातून काढ. आणि वकील स्वतःचा कर. कंपनीचा वकील कितीही गोड बोलला तरी तो कंपनीचा असतो.

दुसरं, विमा. सहावा महिना चालू आहे तुझ्या बायकोला. एका दिवसाचाही खंड परवडणार नाही. विमा नेमका कुठल्या तारखेला बंद झाला किंवा होणार, हे एचआरकडून लेखी घे. कोब्रा नावाच्या कायद्यानं नोकरी गेल्यावरही तोच विमा दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, फक्त कंपनी भरत होती तो वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. निवडायला ६० दिवस असतात आणि शेवटच्या दिवशी निवडला तरी मागच्या तारखेपासून लागू होतो. गेट कव्हर्ड एनजे या वेबसाइटवर राज्याच्या विमा योजनांचे भावही बघून ठेव. नोकरी गेली की डॉक्टरही जातो, ही या देशानं स्वतःच मारून घेतलेली गाठ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारनं पगारवाढीवर बंधनं घातली, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी विमा देऊ केला. युद्ध संपलं, गाठ राहिली. तुझ्याबरोबर ज्या गोऱ्या सहकाऱ्याची नोकरी गेली, तोही आज रात्री हाच हिशेब करत बसला असेल.

पण तुझ्या मेलमधली जी ओळ मी परत परत वाचली, ती यातली नाही. "तिला एवढंच सांगितलंय की ऑफिसात रीऑर्ग चाललंय. या दिवसांत तिला टेन्शन नको."

माझं ऐक. २००१ साली आम्ही आयझलिनला एका बेडरूमच्या घरात राहत होतो. तुझे काका रोज सकाळी मेट्रोपार्कहून गाडी पकडून नेवार्कला जायचे. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. पुण्यात चार वर्षं पुलांची आणि इमारतींची ड्रॉइंगं काढली होती मी, पण इथे कामाची परवानगी नव्हती. एच-फोरवाल्यांना ती मिळायला २०१५ साल उजाडलं, तीही सगळ्यांना नाही. तुझी बायको आज त्याच जागी उभी आहे. मला काम नव्हतं म्हणून घरखर्चाची वही मी ठेवायचे. भाडं, किराणा, फोनकार्ड, रेल्वेचा महिन्याचा पास. सेंटचासुद्धा हिशेब लागायचा.

ऑक्टोबरच्या एक तारखेला पासाचे पैसे वहीत आले नाहीत. दोन तारखेलाही नाहीत. तीन तारखेला सकाळी काका दारात बूट घालत होते, टाय लावलेला, डबा पिशवीत, तेव्हा मी सहज विचारलं, पास काढला नाहीत का या महिन्याचा? ते एक बूट घालून तसेच खाली बसले.

नोकरी जाऊन बारा दिवस झाले होते. ते बारा दिवस रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडून ते पब्लिक लायब्ररीत बसत होते. माझा डबा तिथल्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून खात होते. आणि हे लक्षात घे, की तेव्हा ६० दिवस नव्हते. ती सवलत २०१७ साली आली. तेव्हा नोकरी गेली की दुसऱ्या दिवसापासून आपला इथला मुक्काम बेकायदेशीर व्हायचा. हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. मी त्याच आठवड्यात वाण्याकडून नवरात्राचं सामान आणलं होतं, आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगितलं होतं.

मला राग नोकरीचा आला नाही. बारा दिवस त्या घरात मी एकटी राहत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, याचा आला. ते म्हणाले, तुला त्रास नको म्हणून. मी म्हटलं, मला काम करायची परवानगी इथल्या सरकारनं दिली नाही, आता काळजी करायची परवानगी तुम्ही काढून घेतलीत. चोवीस वर्षं झाली. आमचा संसार चांगला झाला, पण पुढची कितीतरी वर्षं ते ऑफिसातून उशिरा आले की मी नकळत त्यांच्या चेहऱ्याकडे आधी बघायचे आणि मग दार पूर्ण उघडायचे. तू तिला टेन्शन वाचवतो आहेस असं तुला वाटतं. तुझा चेहरा ती रोज बघते. तिला कळलेलं आहे. काय कळलंय एवढंच तिला माहीत नाही, आणि त्या जागी ती मनातल्या मनात याहून वाईट काहीतरी भरत असणार.

त्या लायब्ररीतली एक गोष्ट काकांनी मला नंतर सांगितली. काउंटरवर एक वयस्क कृष्णवर्णीय बाई असायच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या स्वतःहून त्यांच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, बुधवारी संध्याकाळी इथे रेझ्युमे बघून देणारे लोक येतात, तुमचं नाव लिहू का? दुसऱ्या काही चौकश्या केल्या नाहीत. भर दुपारी टाय लावून लायब्ररीत बसलेला माणूस त्यांनी यापूर्वी पाहिलेला असणार. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. त्या बुधवारी भेटलेल्या माणसाच्या ओळखीतून पुढची नोकरी लागली, अर्जासोबत उशिराचा खुलासा जोडला आणि तो मान्यही झाला. नसता झाला तर आज हे पत्र पुण्याहून आलं असतं.

आता जे लिहिते आहे ते थोडं रागानं लिहिते आहे, ते तसंच घे. दिवाळीच्या जेवणाला तू आमच्या टेबलावर म्हणाला होतास, "ही माणसं रांग मोडून घुसतात, त्यांना पकडतात ते बरोबरच आहे. आम्ही नाही का रांगेत उभे?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी पाहुण्यांसमोर गप्प बसले, ते चुकलं माझं.

आपली रांग मला माहीत आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. आइसलँडला तीच मर्यादा, भारतालाही तीच. म्हणून ईबी-टूमध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या रांगेत, भारतीयांच्या अर्जांच्या तारखा या नोव्हेंबरातही २०१३ सालात अडकून आहेत. हा अन्याय आहे आणि त्याबद्दल तू हवं तितकं बोल. पण रांगेत फार वर्षं उभा राहिलेला माणूस दोनच गोष्टी बघायला शिकतो, पुढच्याची पाठ आणि मधे शिरणारा. रांग कुणी आखली, कुणाला त्यात जागाच ठेवली नाही, हे बघायचं राहून जातं. शेतात टोमॅटो तोडणाऱ्याला, बांधकामावर पत्रे चढवणाऱ्याला ग्रीन कार्डाची रांग कुठे आहे ठाऊक आहे? अकुशल कामगारांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० कार्डं. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात १०४ भारतीय होते, बऱ्याच जणांच्या हातापायांत बेड्या घातलेल्या. त्या १०४ जणांतले तिघं महाराष्ट्रातले. "ही माणसं" म्हणताना तू त्यांनाही मोजलं होतंस का?

आणि तुझ्याच मेलमध्ये खाली लिहिलं आहेस की बाळाच्या नागरिकत्वाचं काय होईल या विचारानं झोप लागत नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारीच्या आदेशानं तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना जन्मानं मिळणारं नागरिकत्व नाकारायचं ठरवलं. न्यायालयांनी तो आदेश सध्या रोखून धरलाय. कशाच्या बळावर? इथे जन्मला तो इथला नागरिक, असं म्हणणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या. ती १८६८ सालची, यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या माणसांसाठी केलेली. पुढे १८९८ साली वाँग किम आर्क नावाच्या माणसानं, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या माणसानं, सर्वोच्च न्यायालयात तिचाच आधार घेऊन आपल्या नागरिकत्वाचा खटला जिंकला. आपण तर इथे आलो तेच मुळी १९६५च्या स्थलांतराच्या कायद्यानं. त्याआधी १९४६ पासून भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा होता, आणि त्याच्याही आधी दारच बंद होतं. १९६५चा कायदा नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना झाला. कृष्णवर्णीयांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, आणि जे दार उघडलं त्यातून आपण बॅगा घेऊन आत आलो.

आपल्या महाराष्ट्रात हे एका माणसाला फार आधी दिसलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुण्यात राहून त्यांना तिकडच्या माणसाचं दुःख आपल्या माणसाच्या दुःखाशेजारी ठेवून बघता आलं. आपण इथे येऊन, त्याच माणसांच्या शेजारी राहून, त्यांना "ही माणसं" म्हणतो.

मी शनिवारी चर्चच्या तळघरातल्या फूड पँट्रीत, गरजूंना फुकट किराणा देतात तिथे, जाते, तुला माहीत आहे. परवा बजेटच्या वादात सरकारी कामकाज ४३ दिवस बंद होतं आणि नोव्हेंबरचे स्नॅपचे, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी सरकार देतं ते, पैसे अडकले, तेव्हा आमची रांग इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेली होती. देशभर चार कोटींहून अधिक माणसं त्या पैशांवर किराणा भरतात. रांगेत पगाराविना काम करणारे विमानतळावरचे लोक गणवेशात उभे होते, एक शाळेची बस चालवणारी होती, आणि कडेवरच्या मुलीला उगाच हसवत असलेला एक तरुण बाप. त्या रांगेत मला एक गोष्ट दिसली. लोक एकमेकांशी बोलत होते. कुठल्या पँट्रीत दूध मिळतं, कुणाची गाडी रिकामी आहे, कुणाच्या मुलाला कोट लहान होतोय. पुढची बाई मागच्या बाईला गॅसबिलाच्या मदतीचा नंबर लिहून देत होती.

आपल्या रांगेत असं कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं शेजारी उभे राहतो आणि नोकरी गेली तर गणपतीच्या आरतीला जायचं बंद करतो. गेल्या महिन्यात तुझ्याच कॉम्प्लेक्समधल्या आणखी दोघांची नोकरी गेली आहे. त्यांनीही मला "कुणाला सांगू नका" म्हणून लिहिलंय, म्हणून नावं सांगत नाही. तिघं एकाच जिममध्ये जाता. २०२३ साली तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर देशाला सल्ला देणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर सरकारी इशारा काढला. त्यात माणसांपासून तुटण्याचा धोका रोज १५पर्यंत सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा सांगितला होता. रात्री सव्वादोनला विचार फारच काळे व्हायला लागले तर ९८८ फिरव, ती अशा वेळी फोनवर मिळणारी मदत आहे. तिथे व्हिसा विचारत नाहीत. किंवा मला उठव.

आईबाबांना लगेच सांगायलाच हवं असं मी म्हणणार नाही. ते तिच्याशी बोलून दोघांनी मिळून ठरवा. वाकडच्या फ्लॅटच्या हप्त्याचं मात्र आत्ताच बघ, डिसेंबर संपेपर्यंत थांबू नकोस.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगला दोघं जेवायला या. त्याआधी तिला सांगितलेलं असू दे, कारण ती मला काही विचारेल तर मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. तिच्या पोर्टफोलिओतली ड्रॉइंगं घेऊन यायला सांग, मला बघायची आहेत. आणि शनिवारी सकाळी साडेआठला पँट्रीत ये. ट्रक येतो, बटाट्यांची पन्नास पौंडांची पोती उतरवायची असतात. काकांची पाठ आता साथ देत नाही. गाडी मागच्या दाराशी लाव.

तुझी,
काकू

ता. क. कोब्राचं पत्र पोस्टानं येतं. नोकरी गेल्यापासून ते यायला ४४ दिवससुद्धा लागू शकतात, म्हणजे तुझं डिसेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येईल. कायद्यानं ते बायकोलाही पाठवावं लागतं, त्यामुळे पाकिटावर बहुधा तुमच्या दोघांची नावं असतील. तुमच्याकडची टपालपेटी दुपारी तीच उघडते ना?