कोरियन सासरचं दुःख आणि दोन भावांचा वाद

प्रश्न : आमची मुलगी सोलमध्ये नांदते. व्याही अतिदक्षता विभागात आहेत. जावई थोरले. धाकटे दीर चर्चला जातात आणि वडिलांच्या फोटोपुढे वाकणार नाही म्हणतात, त्यावरून आत्ताच धुसफूस सुरू आहे. मुलीने कसं वागावं? वेळ आली तर आम्ही पोहोचू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पोहोचण्याची आशा धरू नका. तिथे अंत्यविधी सहसा तीन दिवसांचा असतो आणि निधनाचा दिवस हाच पहिला. रात्री अकराला प्राण गेला तरी तो दिवस मोजला जातो, तिसऱ्या दिवशी सकाळी शव निघतं. तुम्हाला व्हिसा लागेल आणि तो एवढ्यात मिळणं कठीण. रामकुंडावर दहावा होईपर्यंत आपल्याकडे रुसलेला भाऊही घरी येतो. तिथे ती सवडच नाही, म्हणून वाकण्याचा प्रश्न पहिल्याच रात्री, माणसं यायच्या आत, मिटायला हवा.

दीर कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे आधी विचारा. पूर्वजांच्या विधींना रोमने १९३९ मध्ये मुभा दिली, त्यामुळे कॅथलिक वाकतात. प्रोटेस्टंट सहसा पांढरं शेवंतीचं फूल ठेवून मान खाली घालून प्रार्थना करतात, आणि लोक ते मानतात. विधी बहुधा रुग्णालयालगतच्या अंत्यविधी सभागृहात होतात. तिथल्या व्यवस्थापकाला उदबत्ती आणि फुलं दोन्ही ठेवायला सांगा. थोरल्याने वाकावं, धाकट्याने उभं राहावं. एकाला दुसऱ्यासारखं करायला लावलं की पाहुण्यांदेखत भांडण होतं.

मुलीला दोन पूर्ण नमस्कार आणि मग एकदा कमरेतून वाकणं, एवढं शिकवा. अशा प्रसंगी बायकांचा डावा हात उजव्या हातावर असतो, पुरुषांचा उजवा डाव्यावर. सणावारी नेमकं उलटं, म्हणून नववर्षाला नमस्कार शिकलेली सून इथे चुकते. उदबत्ती फुंकायची नाही, हाताने विझवायची. पांढरी साडी नको. काळे कपडे सभागृहातच भाड्याने मिळतात, केसांत पांढरी फीत लावतात. मंगळसूत्र आत राहू द्यावं, काढायचं कारण नाही. पाहुण्यांना वाढतात त्या तांबड्या, तिखट रश्श्यात गोमांस असतं, हे तिला माहीत असू द्या.

खरं भांडण पुढे पैशांवरून होतं. पाहुणे पांढऱ्या पाकिटात पैसे देतात, मागे नाव लिहून. रक्कम दहा हजारांच्या हिशेबात विषम, म्हणजे ३० किंवा ५० हजार वॉन. एक लाख, म्हणजे दहा वेळा दहा हजार, चालतात, कारण दहा म्हणजे तीन आणि सात या विषम आकड्यांची बेरीज. 'ही माझ्या ऑफिसची माणसं' असं दोघेही म्हणणार. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये म्हटलं आहे की, खर्च भागवून उरलेली रक्कम सहसा वारसांत त्यांच्या हिश्शाप्रमाणे जाते. तेव्हा पैसे नोंदवायच्या वहीजवळ दोन्ही भावांकडचा एकेक माणूस बसवा आणि प्रत्येक पाकीट नावानिशी लिहून घ्या. सुनेने तिथे बसू नये, कमीजास्त झालं तर बोट तिच्याकडेच जाईल.

तुम्ही पैसे जावयांच्या खात्यात पाठवा. घर बौद्ध रीत पाळत असेल तर ४९व्या दिवशी विधी असतो. व्हिसा त्या हिशेबाने काढा.